यमुनाबाईनं मागितलेली वाट

मोहगावच्या अलीकडं, सौसरला जाणाऱ्या सडकेपासून थोडं आत, बोरपाणी नावाचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती. यमुनाबाई या वस्तीत नवरी होऊन आली तेव्हा तिचा दीर उत्तम तिच्या पदराला धरून विहिरीवर येण्याएवढा लहान होता. पुढं नवरा देवीदास काविळीनं गेला. माहेरची माणसं पांढुर्ण्याहून तिला न्यायला आली, तर ती गेली नाही. "सासूले अन् या पोराले कोन पाहीन?" एवढंच म्हणाली आणि विळा घेऊन दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेली. उत्तमला तिनं मॅट्रिकपर्यंत शिकवलं, सौसरच्या जिनिंगमध्ये चिकटवलं, त्याचं शोभाशी लग्न लावून दिलं. संत्र्याच्या तोडाईला जाणाऱ्या बायकांत यमुनाबाईचा शब्द चाले. ती फार बोलत नसे, पण एकदा बोलली की मागं हटत नसे.

वस्तीची मसणवट नाल्यापलीकडच्या माळावर. पूर्वी मयत नाल्याच्या कोरड्या पात्रातून नेत, पात्रात पाणी असलं तर वसंतरावांच्या वावरातून नाल्याच्या उथळ उताराकडं गेलेल्या जुन्या गाडरस्त्यानं. मग वसंतरावांनी त्या वावरात संत्र्याची कलमं लावली आणि ओलितासाठी नाल्यावर बंधारा बांधून घेतला. पात्रात उन्हाळ्यापर्यंत पाणी तुंबू लागलं. कलमं फळाला आली, चोऱ्या होऊ लागल्या, तेव्हा त्यांनी बगीच्याभोवती काटेरी तार ताणली. वस्तीच्या दोन्ही वाटा अशा गेल्या. आता मयत सडकेनं, मोठ्या पुलावरून, सगळ्या शिवाराला वळसा घालून न्यावी लागे. मोटारीतले लोक खिडकीतून डोकावून पाहत, आणि तिरडीखालची माणसं मान खाली घालून चालत.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. उत्तम तिशीला टेकला होता आणि अंगात रग होती. एका सकाळी तो पक्कड घेऊन गेला आणि वसंतरावांची तार तीन ठिकाणी तोडून आला. पोलीस आले, त्याला सौसरला घेऊन गेले. सुटून आला तेव्हा वस्तीनं त्याला खांद्यावर घेतलं. "वाट आमच्या हक्काची, तार तोडून घ्यायची!" ही घोषणा तेव्हाची. तार पुन्हा जोडली गेली, पण उत्तम पुढारी झाला. पंचायतीच्या निवडणुका लागल्या तेव्हा त्याला सरपंचकीला उभं राहा म्हणून सांगावं लागलं नाही. समोर वरच्या आळीचे, बागाईतदारांचे वसंतराव होतेच.

अर्ज भरल्यावर पहिल्याच आठवड्यात यमुनाबाईच्या लक्षात आलं की उत्तमच्या बोलण्यातून तार नाहीशी झाली आहे.

मधल्या आळीत सभा होती. मधली आळी म्हणजे दोन-चार एकरवाल्या कुणब्यांची. थोडा कापूस, थोडी तूर, परसात पाच-पंचवीस संत्र्याची झाडं. तिथं भाऊरावांच्या ओट्यापुढं उत्तम उभा राहिला आणि म्हणाला, "वाटेचा जो प्रश्न हाये, तो सगळ्यायच्या विचारानं, सामोपचारानं सोडवू." भाऊरावांनी सुपारी कातरता कातरता मान डोलावली. मागं बायकांत उभी असलेली यमुनाबाई मात्र एकटक दिराच्या तोंडाकडं पाहत राहिली.

घरी येताच तिनं विचारलं, "तार कुठं गेली रे?"

"वैनी, समजून घे," उत्तम म्हणाला. "आपल्या वस्तीचे सारे मतं मले पडले तरी मी पडतो. वरच्या आळीचे सारे मतं वसंतरावले पडले तरी तोबी पडतो. मधली आळी जिकडं गेली, सरपंच तिकडचा. अन् भाऊराव मले तोंडावर म्हणाले, आज त्याची तार तोडशीन, उद्या माह्या वावराच्या धुऱ्यावर पाय ठेवशीन. भेव वाटते त्यायले माह्यं."

"अन् आमाले काय वाटते, ते कोनाले विचारशीन?"

"तुमी कुठं जाता? तुमचं मत तं माह्यंच हाये."

तो हे सहज बोलून गेला. यमुनाबाईला ते झोंबलं. आपण कुठं जाणार नाही, म्हणून आपल्याला काही द्यायची गरज नाही, असा त्याचा अर्थ होता. आणि हिशोब म्हणून तो खोटाही नव्हता.

पण त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. ज्या वसंतरावांनी जन्मात वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं ते दोन्ही हात जोडून विहारात आले. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली. यमुनाबाईच्या दारात बाजेवर बसले, तिच्या हातचं पाणी प्याले. बरोबर त्यांचा पुतण्या हेमंत होता. तो मात्र दाराबाहेर मोटारसायकलला टेकून दुसरीकडं पाहत उभा राहिला.

"यमुनाबाई, वाटेचं मीबी मनावर घेऊन राहिलो," वसंतराव म्हणाले. "माणुसकीनं काहीतरी तोड काढू. भांडणानं कोनाचं भलं झालं?"

ते गेल्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. यमुनाबाई हसली नाही. मधल्या आळीच्या लोकांना आडमुठा माणूस सरपंच नको होता, हे वसंतरावांनाही उमगलं होतं. उत्तम वस्तीपासून जितका लांब सरकत होता, तितकेच वसंतराव वस्तीकडं सरकत होते.

तिची सासू गिरजाबाई आंधळी झाली होती. दिवसभर ओसरीत पडून असे. दोन्ही उमेदवारांच्या बैलगाड्या भोंगा लावून गावातून फिरत. "साऱ्या गावाचा मेळ, साऱ्या गावाचं भलं" असं ओरडत एक गाडी दारावरून गेली तेव्हा म्हातारी म्हणाली, "आपला उत्तम का वं?"

"नाई माय. वसंतरावची गाडी."

"बापा! दोघायचं एकच हाय, तं मंग मतं कायले मांगून राहिले?"

मतदानाला चार-सहा दिवस असताना गिरजाबाई सकाळी उठलीच नाही. यमुनाबाई चहा घेऊन गेली तर अंग गार पडलेलं. उत्तम पत्रकं आणायला सौसरला गेला होता. निरोप धाडला, तो धापा टाकत आला, आईच्या पायांवर डोकं ठेवून रडला. बाहेर वस्ती गोळा झाली. पांढरं कापड आलं, बांबू आले, तिरडी बांधली. आणि मग जो प्रश्न सगळ्यांच्या मनात होता तो कुणीतरी विचारला, "कोन्या वाटेनं न्यायचं?"

पोरं एका आवाजात म्हणाली, "तारेतून!" एकाच्या हातात कुऱ्हाड होती.

उत्तमनं डोळे पुसले. "सडकेनं नेऊ."

 यमुनाबाई त्याला घरात घेऊन गेली.

"तुह्यी माय हाये ते."

"म्हनूनच!" उत्तमचा आवाज फाटला. "वैनी, आज मी तिकडं गेलो तं सारं गाव म्हनन, आईच्या मढ्यावर मतं मांगून राहिला. पोट्ट्यायनं कुऱ्हाड चालवली तं मधली आळी जन्मात माह्याकडं पाहणार नाई. फक्त चार दिवस. निवडून आलो की मीच वाट करतो, तुह्यी शपथ."

"अन् सडकेनं नेलं तं? ज्याच्या मायले वाट भेटली नाई तो आमाले काय वाट देईन, असं म्हनन गाव. वस्तीबी म्हनन."

उत्तमनं डोकं धरलं.  या पोराला यमुनाबाईनं भाकरीचा काला करून भरवला होता. तो लबाड झाला नव्हता, तो कैचीत सापडला होता. पण बाहेर पोरांचा आवाज चढत होता, बगीच्याच्या फाटकापाशी वसंतरावांचे राखणदार काठ्या घेऊन जमल्याची बातमी आली होती, आणि तिला दिसत होतं की आता एका दगडाचा अवकाश आहे.

ती बाहेर आली. कुऱ्हाडवाल्या पोरापुढं हात केला. "आन इकडं. बुढी उचलाले कुऱ्हाड लागत नाई." त्यानं दिली. ती तिनं शोभाच्या हातात ठेवली. "मी येईपर्यंत कोनी तिरडीले हात लावायचा नाई," असं सांगून ती एकटीच निघाली. बगीच्याकडं नाही, वसंतरावांकडंही नाही, तर मधल्या आळीकडं.

भाऊराव ओट्यावरच होते. बातमी त्यांना कळली होती. ती दिसताच ते उभे राहिले.

"भाऊरावजी, बुढी गेली."

"ऐकलं. वाईट झालं."

"आमी बगीच्याच्या फाटकापासी नेऊन राहिलो. तुमी या. तुमच्या आळीतले चार जन घेऊन या."

भाऊराव गडबडले. "खांदा? यमुनाबाई, माह्यं ओलित बंधाऱ्याच्या पाण्यावर हाये. मी खांदा दिला तं वसंतराव पाणी..."

"खांदा नाई मांगत. नुसते उभे राहा. लांबच उभे राहा. पाहा."

"पाहून काय होईन?"

यमुनाबाईच्या तोंडून मग ते निघालं, जे इतके दिवस तिच्या आत घोळत होतं. "त्या दोघायले आमचं भेव नाई भाऊरावजी. आमचं मत उत्तमनं धरूनच ठेवलं, अन् वसंतरावनं सोडूनच देल्लं. भेव हाये ते तुमचं. तुमी पाहत असले तं कोनी काठी चालवनार नाई, कोनी दगड मारनार नाई. एवढंच करा."

भाऊराव धोतराचा सोगा चाचपत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ती परत फिरली तेव्हा तिला वाटलं, हे येत नाहीत.

तिरडी उचलली. पुढचा एक खांदा यमुनाबाईनं घेतला, दुसरा उत्तमनं. 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत वस्ती निघाली. फाटकाच्या आत सात-आठ राखणदार, पुढं हेमंत. बाहेर तिरडी खाली ठेवली. मागं पोरं मुठी वळून उभी. ऊन चढत होतं.

"इथून नाई," हेमंत म्हणाला. "सडक हाये."

"वाट आमची हाये," मागून एक पोरगा ओरडला. एक ढेकूळ सुटलं, फाटकाच्या पत्र्यावर आदळलं. राखणदारांनी काठ्या उचलल्या. उत्तम दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिला, "नाई! कोनी काही करू नका!" पण त्याचा आवाज पोरांपर्यंत पोचतच नव्हता. हेमंतनं फाटकाची कडी काढली. वाट द्यायला नव्हे, अंगावर यायला. यमुनाबाईला वाटलं, आता झालं.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "मधली आळी आली."

गावाकडून येणाऱ्या पांदीच्या तोंडाशी, बाभळीखाली, भाऊराव उभे होते. त्यांच्यामागं दहा-पंधरा माणसं, काही बायका. पुढं येत नव्हते, बोलत नव्हते. नुसते पाहत होते. काठ्या हळूच खाली आल्या. पोरांच्या मुठीही सैलावल्या. वसंतराव बगीच्यातून घाईघाईनं चालत आले, पुतण्याला बाजूला सारलं, आणि पहिली नजर टाकली ती बाभळीखाली. उत्तमचीही नजर तिकडंच होती.

"गिरजाबाई साऱ्या गावाची माय होती," वसंतराव मोठ्यानं, पांदीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. "उघडा फाटक. आजच्या दिवस जाऊ द्या."

"काका, आज उघडलं तं कायमचं उघडलं," हेमंत दातओठ खाऊन म्हणाला.

"आजच्या दिवस म्हटलं मी."

उत्तमनं लगेच तिरडीला हात घातला. "चला. वसंतरावनं मोठं मन केलं."

"थांब," यमुनाबाई म्हणाली, आणि ती तिरडीशेजारी मातीत बसली.

"वैनी!"

"आज बुढीले वाट भेटली. उद्या मी मेली तं?" ती उत्तमशी बोलत नव्हती, वसंतरावांशीही नाही. ती बाभळीकडं तोंड करून बोलत होती. "आजच्या दिवसाची वाट मले नाई पाहिजे. कायमची देता का नाई, ते दोघायनं साऱ्यायसमोर सांगा. तवर बुढी इथंच राहीन."

उत्तमनं खाली वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "वैनी, माय उन्हात हाये." तिला ते दिसत नव्हतं का? सासूच्या तोंडावरचं कापड वाऱ्यानं हलत होतं. तिनं पदर सोडून मयतीच्या तोंडावर सावली धरली. पण उठली नाही.

 वसंतराव हो म्हणाले असते तर वरची आळी फिरली असती. नाही म्हणाले असते तर मधली. उत्तम हो म्हणाला असता तर मधली आळी बिचकली असती, नाही म्हणाला असता तर वस्ती. दोघं तोंडं शिवल्यासारखे उभे राहिले, आणि दोघंही अधूनमधून बाभळीकडं पाहत राहिले.

शेवटी भाऊराव खाकरले. दोन पावलं पुढं आले. "मी एक बोलू का?" पाण्याची वाट वसंतरावांच्या हातात होती हे ते विसरले नव्हते. "बगीच्याच्या मधून नको. मालकाचं नुकसान होते. सडकेनंबी नको. मेलेल्या माणसाले असं गावभर फिरवू नये. तार धुऱ्यापासून आत घ्या. धुऱ्याधुऱ्यानं वाट जाऊ द्या, साऱ्यायसाठी."

"मी हेच म्हननार होतो!" वसंतराव ताबडतोब म्हणाले.

"माह्या मनातबी हेच होतं," उत्तम म्हणाला.

पोरांत धुसफूस झाली. जुना गाडरस्ता बैलगाडी जाण्याएवढा रुंद होता, आणि हक्काचा होता. धुऱ्यावर, वावराच्या कडेच्या त्या अरुंद बांधावर, दोन माणसं शेजारी चालू शकत नव्हती. यमुनाबाईनं ते सारं एका नजरेत पाहिलं. जे मागितलं होतं ते हे नव्हतं. पण इतके दिवस कुणीच काहीही देत नव्हतं. आणि उद्या मतं पडून गेल्यावर हे दोघं बाभळीकडं कशाला पाहतील?

"मंग आताच घ्या तार आत," ती म्हणाली. "हे सारे पाहत हायेत तवरच."

पहार आली. खांब उपटले. वसंतरावांनी स्वतः एक खांब धरला आणि दुसरं टोक उत्तमनं. आपण मागं राहिलो असं कुणाला वाटू नये याची दोघांनाही घाई होती. तिरडी धुऱ्यावरून निघाली. खांदेकरी एकामागं एक, तिरके पाय टाकत, एक पाय धुऱ्यावर तर एक ढेकळांत. यमुनाबाई दोनदा कोलमडली. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी तिरडीचा बांबू धरला. तिनं वळून पाहिलं. मधल्या आळीतला एक माणूस होता, भाऊराव नव्हते. मसणवटीत पोचल्यावर ती एका दगडावर बसली आणि मग मोठ्यानं रडली.

निवडणूक वसंतराव जिंकले, थोडक्या मतांनी. मधल्या आळीत लोक म्हणत, माणूस मोठ्या मनाचा निघाला.

उत्तमनं भोंग्याची गाडी परत केली, आणि आठवडाभरात चूल वेगळी मांडली. "तूच त्याले जितवलं वैनी," एवढंच तो म्हणाला. यमुनाबाईनं त्याच्या वाट्याची भांडी काढून दिली. तिलाही रात्ररात्र वाटे, खरं असेल. वसंतरावांच्या बगीच्यात तिला तोडाईला बोलावणं बंद झालं. ती मोहगावकडं कामाला जाऊ लागली.

पाऊसकाळ येण्याआधी एका सकाळी हेमंत माणसं घेऊन धुऱ्यावर आला. खांब पुन्हा जुन्या जागी रोवायचे होते. यमुनाबाई आणि बायका धुऱ्यावर जाऊन बसल्या. मधल्या आळीला निरोप गेला, आणि भाऊराव आले. या खेपेला बाभळीखाली थांबले नाहीत, सरळ धुऱ्यावर येऊन उभे राहिले. वसंतराव आले. सगळं पाहिलं. पुतण्याला म्हणाले, "खांब घेऊन घरी जा."

"काका, आता तं निवडून आलो ना आपण?"

"परत नाई यायचं का?" वसंतराव चिडून म्हणाले, आणि यमुनाबाईकडं न पाहता निघून गेले.

उत्तम लांबून पाहत होता. संध्याकाळी तो तिच्या दाराशी आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वैनी, त्याच्या जागी मी सरपंच असतो, तरी अशीच बसली असती?"

"त्या दिवशी मी तुलेबी वसंतरावच्याच रांगेत उभं केलं होतं ना रे," ती म्हणाली. "तू माह्या हातचा हायेस, म्हनून तुले सोडायचं काहून?"

तो आल्या पावली परत गेला. पण त्यानंतर येऊ-जाऊ लागला.

पुढच्या खेपेला उत्तम निवडून आला. मधल्या आळीनं त्याला मतं दिली. वस्तीत गुलाल उधळला गेला, बायका नाचल्या. चार दिवस जाऊ दिल्यावर यमुनाबाई धुऱ्यावर मुरूम टाकून घ्या म्हणून सांगायला पंचायतीत गेली. उत्तम तिचा दीर, तिनं वाढवलेला. हाक मारली असती तरी धावत आला असता. तरीही ती एकटी गेली नाही. वाटेत मधल्या आळीत थांबून तिनं भाऊरावांना आणि आणखी दोघांना बरोबर घेतलं.